डोळ्याभोवतीचा जुनाट इसब: कोकणातल्या रुग्णांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकण किनाऱ्यावरच्या एका तालुक्याच्या गावात मी १८ वर्षं त्वचारोगांचा दवाखाना चालवते आहे. डोळ्याभोवती खाज, लाली, खवले आणि सूज घेऊन येणारे रुग्ण बाराही महिने भेटतात, पण शिमग्यापासून मिरगापर्यंत त्यांची रांग लागते. बाहेरच्या बाकावर बसून ते एकमेकांना जे विचारतात आणि आत आल्यावर मला विचारायचं राहून जातं, ते इथे लिहिलं आहे. हे वाचून औषध स्वतःच ठरवू नका. डॉक्टरांना काय विचारायचं ते मात्र यातून जरूर ठरवा.

मला नेमकं झालंय तरी काय?

बहुतेकांना असतो तो पापण्यांचा इसब. इसब म्हणजे त्वचेचा दाह. ती लाल होते, खाजते, कधी पाझरते, आणि दुखणं महिनोन्महिने चाललं की जाड, सुरकुतलेली, काळपट होते. गावात कुणी याला गजकर्ण म्हणतं, कुणी 'डोळ्याला पित्त उठलं' म्हणतं. गजकर्ण बुरशीने होतं. पित्ताच्या गांधी काही तासांत उतरतात. इसब आठवडेच्या आठवडे मुक्काम करतो आणि गेला असं वाटेपर्यंत परत येतो.

वरून सारख्या दिसणाऱ्या या इसबाच्या मुळाशी वेगवेगळ्या गोष्टी असतात. काहींची त्वचा जन्मतःच कोरडी आणि हळवी असते. घरात कुणाला दमा, कुणाला सकाळी उठल्याबरोबर शिंका, आणि रुग्णाला लहानपणी कोपराच्या किंवा गुडघ्याच्या लवणीत चट्टे, असा इतिहास मिळतो. याला अ‍ॅटोपिक इसब म्हणतात. हानिफिन आणि राज्का या दोघा डॉक्टरांनी १९८० साली त्याच्या लक्षणांची जी यादी केली, तिच्यात खालच्या पापणीखालची दुहेरी घडी आणि डोळ्यांभोवतीचा काळेपणा आहे. आम्ही आजही ती खूण शोधतो. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की अशा अनेकांमध्ये फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असतो. चिऱ्याच्या भिंतीत दर्जा भरायची राहिली की पाणी झिरपतं, तशी ही त्वचा ओल बाहेर सोडते आणि नको ते आत घेते.

दुसरा प्रकार स्पर्शाचा: चीक, रंग, औषध, अत्तर असं काही लागलं आणि त्याची अ‍ॅलर्जी आली. तिसरा कोंड्याचा. यात भुवयांत, नाकाच्या बाजूला आणि टाळूवर तेलकट पिवळसर खवले असतात. चौथा पापणीच्या कडेचा दाह, म्हणजे ब्लेफरायटिस. त्यात केसांच्या मुळाशी कोंड्यासारखी खपली धरते आणि सकाळी पापण्या चिकटतात. एकाच माणसाला यातले दोन प्रकार सहज असू शकतात. म्हणून बघताक्षणी नाव सांगणाऱ्या डॉक्टरपेक्षा दहा प्रश्न विचारणारा डॉक्टर बरा.

पण डोळेच का? बाकी अंगाला तर काही नाही.

पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तळहाताची कातडी भातलावणी करून, कोयता धरून राठ झालेली असते. तिच्यावर पडलेला चीक वरच राहतो. तोच हात घाम पुसायला डोळ्यांवर जातो आणि तिथे चीक आत शिरतो. हात धडधाकट आणि डोळे सुजलेले, हे चित्र मी शेकडो वेळा पाहिलं आहे. त्यामुळे पापणी दाखवायला आलेल्या माणसाचे मी आधी हात बघते, मग नखं, मग केस, आणि शेवटी पापणी.

हवेतून येणारी गोष्टही आधी डोळ्यांनाच लागते. धूर, परागकण, फवारणीचे तुषार पापणीच्या घडीत साचून राहतात.

आंबा-काजूचा याच्याशी काय संबंध?

कोकणापुरता हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आंबा, काजू आणि बिबा ही तिन्ही एकाच कुळातली झाडं. जपानमध्ये ज्या झाडाच्या चिकापासून लाख बनवून भांड्यांवर चढवतात, तेही याच कुळातलं. या सगळ्यांच्या चिकात एकमेकांशी मिळतीजुळती तेलकट द्रव्यं असतात. एकाची अ‍ॅलर्जी आली की दुसऱ्याचीही येऊ शकते. आंब्याचा देठ मोडला की जो चीक उडतो, त्यात ती भरपूर असतात. काजूच्या टरफलातलं तेल त्याहून तिखट. ते अ‍ॅलर्जी नसलेल्या माणसालाही भाजतं. ओले काजूगर काढणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल चोळून बसतात, कारण तो चीक काय करतो हे त्यांना आईकडून कळलेलं असतं. पण डोळ्यांवर राख कोण लावणार? आणि घरच्या घरी काजू भाजताना जो धूर उठतो, तो थेट पापण्यांवर बसतो.

आता यातली फसगत. चीक लागल्यावर लगेच काही होत नाही. अ‍ॅलर्जीचा इसब उठायला एक ते तीन दिवस लागतात. सोमवारी आंबा काढला, बुधवारी डोळे सुजले, आणि दोष मंगळवारी खाल्लेल्या सुरमईला. कितीतरी जणांनी अशी वर्षानुवर्षं मासळी सोडलेली असते.

'इतकी वर्षं बागेत राबतो, तेव्हा काही झालं नाही' हेही नेहमी ऐकते. शरीर एखाद्या पदार्थावर वीस वर्षांनीसुद्धा उलटू शकतं. आधी सोसलं म्हणून पुढेही सोसेल, असं अ‍ॅलर्जीच्या बाबतीत धरता येत नाही.

माझी एक चूक सांगते. पन्नाशीच्या एका बाईंना मी दोन वर्षं अ‍ॅटोपिक इसबाचे उपचार देत होते. बागेत जाता का, असं पहिल्याच भेटीत विचारलं होतं. त्या म्हणाल्या, 'नाय गो बाय, माझा काम घरातला.' मी तो प्रश्न तिथेच सोडला. तिसऱ्या वर्षी त्यांचा केसपेपर उलटा चाळताना तारखांकडे लक्ष गेलं. सगळ्या एप्रिल आणि मेमधल्या होत्या. पुन्हा विचारलं तेव्हा कळलं, घरधन्याचे आणि गड्यांचे चिकाने माखलेले शर्ट त्या धूत होत्या आणि रात्री आढीतले आंबे चाळत होत्या. कपडे मशीनमध्ये गेले, आढीचं काम सुनेने घेतलं, आणि पुढचा वैशाख त्यांचा बिनखाजेचा गेला. तेव्हापासून 'बागेत जाता का' असं न विचारता 'सकाळी उठल्यापासून हाताने काय काय करता' असं मी विचारते.

म्हणजे बाग सोडायची?

पोट ज्यावर आहे ते सोडा, असं मी कुणाला सांगत नाही. काम करण्याची रीत बदलता येते. आंबा देठासकट काढा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला नूतन झेला, म्हणजे आंबे काढायचं अवजार, यासाठीच आहे. देठ राहिला की चीक सांडत नाही, फळावर डाग पडत नाही आणि तुमच्या पापणीवरही नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. हातमोजे जाड व्हिनाइलचे किंवा नायट्राइलचे घ्या, पातळ रबरातून चीक झिरपतो. आत सुती मोजे घातले की घाम कमी त्रास देतो. घाम पुसायला धुतलेला पंचा वेगळा ठेवा आणि तो दुसऱ्या कुणाला देऊ नका. शर्टाच्या बाहीने डोळे पुसणं ही एकच सवय मोडली तरी निम्म्या लोकांना फरक पडतो, हा माझा अनुभव आहे. चीक लागला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबू नका, लगेच साबणाने आणि गार पाण्याने हात धुवा. नखांखालचाही काढा.

आणि हापूस खायचा की नाही? सोललेला गर बहुतेकांना चालतो. त्रास सालीचा आणि देठाजवळच्या भागाचा असतो. आंबा दुसऱ्या कुणाला धुऊन कापायला सांगा, बाठा चोखू नका, फोडी चमच्याने खा.

आमची बाग नाही, आम्ही शहरात नोकरी करतो. मग आम्हाला का?

केसांचा काळा कलप हे मोठं कारण. त्यात पीपीडी नावाचं रसायन असतं. 'काळी मेंदी' म्हणून जे विकतात त्यातही ते असतं, आणि 'हर्बल' असं लिहिलेल्या पाकिटातही मला सापडलं आहे. टाळूला काही होत नाही, वरच्या पापण्या मात्र दुसऱ्या दिवशी फुगून बंद होतात. नेलपॉलिशचंही तसंच. नखाभोवतीची कातडी शाबूत, आणि ज्या पापणीला बोट लागतं ती लाल.

चष्म्याच्या धातूच्या फ्रेममधलं निकेल, सुवासिक तेल, उदबत्तीचा आणि धुपाचा धूर, शिमग्याचा गुलाल, मेकअप काढायचे ओले कागद, हे सगळे संशयित. मासळीच्या शेडमध्ये कोळंबी सोलणाऱ्यांना कोळंबीच्या रसाचाच त्रास होऊ शकतो. आणि एक कारण कुणाच्या मनातही येत नाही: डोळ्यासाठी दिलेलं औषध. निओमायसिन हे प्रतिजैविक कितीतरी मलमांत आणि थेंबांत असतं आणि त्याची अ‍ॅलर्जी चांगलीच आढळते. थेंब टिकावेत म्हणून घातलेलं बेन्झाल्कोनियम क्लोराइडही काहींना बाधतं. औषध जितकं घालावं तितकं दुखणं वाढत असेल, तर औषधावरच संशय घ्या.

मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की दोन दिवसांत बरं वाटतं. तीच लावत राहिलं तर काय बिघडतं?

बिघडतं, आणि ते कळतं तेव्हा अनेकदा उशीर झालेला असतो. या पानावरचं बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं वाचा.

दोन दिवसांत जादू करणाऱ्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीव्र स्टेरॉइड असतं. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसेल. सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध मिसळलेलं असलं तर ती ट्यूब 'सगळ्यावर चालते' म्हणून खपते. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे, योग्य जागी त्याला तोड नाही. पण जागा महत्त्वाची. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख यांनी मोजून दाखवलं की हायड्रोकॉर्टिसोन कपाळावर लावलं तर हाताच्या पुढच्या भागाच्या सहापट शरीरात शोषलं जातं आणि जबड्याच्या कोपऱ्यावर तेरापट. पापणी तर कपाळाहूनही पातळ.

पहिले काही आठवडे छान जातात. मग ट्यूब थांबवली की खाज दुपटीने परत येते, म्हणून पुन्हा लावली जाते. त्वचा कागदासारखी पातळ होते, आतल्या लाल शिरा दिसू लागतात, डोळ्यांभोवती आणि तोंडाभोवती बारीक पुटकुळ्या येतात. आणि औषध डोळ्यात उतरत राहिलं तर मोतीबिंदू आणि काचबिंदू. काचबिंदू दुखत नाही. डोळ्यातला दाब गुपचूप वाढतो, बाजूची नजर कमी होत जाते, आणि गेलेली नजर परत येत नाही. तिशीतला एक रिक्षावाला माझ्याकडे इसबासाठी आला होता. बोलता बोलता म्हणाला, 'हल्ली कडेची माणसं दिसत नाहीत.' दोन वर्षं रोज रात्री तो पापण्यांना एकच ट्यूब चोळत होता. त्याला मी त्याच दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. इसब नंतर बरा ताब्यात आला. नजर जेवढी गेली तेवढी गेली. ही ट्यूब त्याला कुणी डॉक्टरने दिली नव्हती, दुकानातून मिळाली होती.

२०१८ साली केंद्र सरकारने चौदा प्रकारची स्टेरॉइड मलमं 'अनुसूची एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. काउंटरवर ती अजूनही मागितली की मिळतात. मागणं आपण बंद करायला हवं.

आधीच बरेच महिने लावत असाल तर घाबरून एकदम टाकून देऊ नका, ट्यूब घेऊन या. कशी कमी करायची ते ठरवून देता येतं, आणि त्याच आठवड्यात डोळ्यांचा दाब तपासून घेता येतो. स्टेरॉइडचे डोळ्याचे थेंब वापरत असाल तर तेही सांगा.

मग लावायचं तरी काय?

आधी सगळं बंद: साबण, फेसवॉश, काजळ, सुवासिक क्रीम, गुलाबपाणी. साध्या पाण्याने चेहरा धुवा, मऊ सुती कापडाने टिपा, पुसू नका. पाणी टिपल्याबरोबर बिनवासाचं पांढरं पेट्रोलियम जेली नखाएवढं घेऊन पापणीवर पसरवा, दिवसातून दोनदा. खाज सुटली की स्वच्छ रुमाल थंड पाण्यात भिजवून पाच मिनिटं डोळ्यांवर ठेवा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर चेहऱ्यापुरतं पिण्याचं पाणी वापरा.

दाह जोरात असेल तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन देतात. ते सौम्य असतं, आणि साधारण आठवड्याभरात थांबवायचं असतं. दुखणं जुनाट असेल तर टॅक्रोलिमसचं मलम (लहान मुलांसाठी ०.०३ टक्के, मोठ्यांसाठी ०.१ टक्के) किंवा पिमेक्रोलिमसचं क्रीम देतात. ही स्टेरॉइड नाहीत. त्वचा पातळ करत नाहीत, म्हणून पापणीसाठी मला ती जास्त भरवशाची वाटतात. पहिले चार-पाच दिवस मात्र चांगली चुणचुण होते. ते आधी सांगितलं नाही तर रुग्ण दुसऱ्याच दिवशी ट्यूब फेकून देतो. ट्यूब फ्रिजमध्ये गार करून लावली तर चुणचुण सोसते. लावून लगेच उन्हात जाऊ नका.

इसब बसल्यावरही वारंवार उलटणाऱ्यांना आम्ही आठवड्यातून दोनदा हे मलम चालू ठेवायला सांगतो. आग विझल्यावर निखाऱ्यांवर पाणी मारतात ना, तसं.

कोंड्याच्या प्रकारात टाळूचा उपचार केल्याशिवाय भुवया-पापण्या सुधारत नाहीत. ब्लेफरायटिस असेल तर कोमट पाण्याच्या घडीने रोज पाच-दहा मिनिटं शेक आणि मग पापणीची कड हलक्या हाताने पुसून घेणं, हाच मुख्य उपचार. कंटाळवाणा आहे, पण चालतो.

टॅक्रोलिमसने कॅन्सर होतो असं फोनवर वाचलं.

२००६ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने खोक्यावर तसा इशारा छापायला लावला, ते खरं आहे. गोळ्यांच्या रूपात, अवयव बदललेल्या रुग्णांना मोठ्या मात्रेत दिल्यावर जो धोका दिसतो, त्यावरून तो घेतलेला होता. त्वचेवर थोडंसं लावणाऱ्या माणसांना वर्षानुवर्षं पाहिल्यावरही तशी ठोस भीती समोर आलेली नाही. या औषधाचा जन्म १९८४चा, जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या मातीतल्या एका जिवाणूपासून. मातीतून आलंय म्हटलं की आमच्या बागायतदारांना का कोण जाणे, जरा धीर येतो. आंधळेपणाने वापरू नका, पण भीतीपोटी त्या तीव्र स्टेरॉइडकडे परत जाऊ नका.

खोबरेल, आमसुलाचं पाणी, काजळ, तुरटी यांतलं काही चालेल का?

खोबरेल तेल कोरड्या अ‍ॅटोपिक त्वचेला खरोखर मानवतं. बिनवासाचं, घाण्याचं असेल तर गालांवर, हातापायांवर खुशाल लावा. पण इसब कोंड्याचा असेल तर तेच तेल अपाय करतं, कारण त्यामागची यीस्ट तेलावरच पोसली जाते. म्हणून शेजारणीला लागू पडलं ते तुम्हाला पडेलच असं नाही.

पित्ताच्या गांधींवर आमसुलाचं पाणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लावतात, आणि अंगावर त्याने बरंही वाटतं. पापणीवर नको. ते आंबट आहे, भेगाळलेल्या त्वचेला झोंबतं आणि डोळ्यात उतरतं. लिंबू, तुरटी, कांद्याचा रस, मध, आईचं दूध, गोमूत्र, हे काहीही डोळ्यात आणि पापणीवर घालू नका. बिब्याचं तेल तर डोळ्यांच्या जवळपासही नको. बिब्याने पापणी भाजलेली मुलं मी पाहिली आहेत.

तान्ह्या बाळाला काजळ घालू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. विकतच्या सुरम्यात शिसं असू शकतं. घरच्या काजळात शिसं नसलं तरी बोट असतं, आणि बोटावर जंतू. नजर लागू नये म्हणून तीट तळपायावर लावा, आजीचं मन राहील आणि बाळाचे डोळेही.

मासे बंद करायचे का? वांगं?

नाही. एखादा मासा खाल्ल्यावर तासाभरात ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, दम लागला, तर तो मासा बंद आणि डॉक्टरांकडे तपासणी. तसं काही होत नसेल तर मासळी सोडून पापणीचा इसब जात नाही. वाढत्या मुलांचं पथ्याच्या नावाखाली अंडं, दूध, मासे तोडलेले पाहिले की मला फार वाईट वाटतं. खाज तशीच राहते आणि मूल मात्र वाळतं.

हा रोग दुसऱ्याला लागतो का?

नाही. डोळे येणं वेगळं, हे वेगळं. शाळेने मुलाला 'डोळे आलेत' म्हणून घरी पाठवलं तर आमच्याकडून चिठ्ठी घेऊन जा.

मुलगा झोपेत डोळे चोळतो. किती ओरडायचं?

ओरडू नका, त्याच्या हातात नाही ते. नखं कापा, झोपताना जेली लावा, पंखा सुरू ठेवा, कारण घाम आला की खाज भडकते. झोप लागत नसेल तर डॉक्टर काही रात्री झोप आणणारं अ‍ॅलर्जीचं औषध देतात. इसबाची खाज त्या गोळीने पूर्ण जात नाही, पण मूल झोपतं आणि घरही झोपतं.

चोळण्याकडे दुर्लक्ष मात्र करू नका. वर्षानुवर्षं जोराने डोळे चोळल्याने बुबुळाचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येऊ शकतो. त्याला केरॅटोकोनस म्हणतात. चष्म्याचा नंबर, त्यातही तिरपा नंबर, दर सहा महिन्यांनी बदलत असेल तर तपासणी करून घ्या. उन्हाळ्यात पाच ते पंधरा वयाच्या मुलांचे, जास्त करून मुलग्यांचे, डोळे आतून खाजतात, उजेड सहन होत नाही, तार सुटणारा चिकट स्राव येतो. ती डोळ्याच्या आतली अ‍ॅलर्जी आहे आणि तिला डोळ्यांचे डॉक्टरच हवेत.

डोळ्यांभोवती काळं पडलंय. मुलीचं लग्न ठरायचंय.

हा प्रश्न विचारताना आई दबक्या आवाजात बोलते आणि मुलगी जमिनीकडे बघत असते. मुलीशी मी आधी बोलते. काळेपणा हा दाहाने आणि चोळण्याने मागे राहिलेला रंग आहे. तो हळूहळू, महिन्यांच्या हिशोबाने फिका होतो, पण खाज थांबल्यावरच. गोरं करणारी क्रीमं लावू नका. अनेकांत स्टेरॉइड असतं, काहींत पारा सापडलेला आहे. रंग घालवण्याच्या घाईत पापणी गमावलेल्या मुली आल्या की त्यांची समजूत काय घालावी ते सुचत नाही.

मुंबईला गेलं की बरं वाटतं, गावी आलं की परत उठतं. हवा बाधते का?

हवा थोडी, घर जास्त. पावसाळ्यात कोकणातल्या घरांत भिंतींना बुरशी चढते, गाद्या-उशा ओलसर राहतात, आणि ओलाव्यात धुळीतले सूक्ष्म किडे भराभर वाढतात. उशीचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवा, उन्हाची तिरीप मिळाली की गाद्या बाहेर काढा. चाकरमान्यांना गणपतीत त्रास होतो तेव्हा मी विचारते, बंद घर कुणी झाडलं? जो वर्षभराची धूळ झाडतो त्याचेच डोळे चौथीला सुजलेले असतात. झाडण्याचं काम दुसऱ्याला द्या, किंवा ओल्या फडक्याने पुसा. आणि मुंबईत बरं वाटण्यामागे आंब्याचा चीक नसणं हेही कारण असतंच.

पॅच टेस्ट म्हणजे काय? कुठे होते?

संशयित पदार्थ अगदी थोड्या प्रमाणात, छोट्या चकत्यांत घालून पाठीवर चिकटवतात. दोन दिवसांनी काढतात, तेव्हा एकदा बघतात आणि चौथ्या दिवशी पुन्हा. ज्या जागी लाल, खाजरी गाठ उठली तो पदार्थ तुमचा शत्रू. सुई नाही, रक्त नाही. पण त्या चार दिवसांत पाठ भिजवायची नाही आणि घामही नको. म्हणून आपल्याकडे ही चाचणी मार्गशीर्ष-पौषात करावी, चैत्र-वैशाखात चकत्या पाठीवर टिकतच नाहीत. रत्नागिरी, सिंधुदुर्गनगरी आणि डेरवण इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत आधी चौकशी करा. तिथे सोय नसेल तर मुंबईच्या मोठ्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयासाठी चिठ्ठी मागून घ्या. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, निकाल चुकतो.

कधी वाट न बघता धावत यायचं?

डोळा उघडत नाही इतकी सूज, सोबत ताप, डोळा हलवताना दुखणं, नजर अंधुक होणं, बुबुळ पुढे आल्यासारखं वाटणं: त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात. कपाळाच्या एकाच बाजूला आणि पापणीवर दुखऱ्या पाणीदार फोडांचा पट्टा उठला तर ती नागीण असते, आणि तिची गोळी पहिल्या ७२ तासांत सुरू व्हावी लागते. इसब असलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर एकसारखे, मधे खड्डा असलेले फोड भराभर पसरले आणि ताप आला, तर तेही त्याच दिवशी दाखवा.

काही गोष्टी इसब नसतातच. रोज सकाळी दोन्ही डोळे बिनखाजेचे सुजत असतील तर लघवी तपासा, मूत्रपिंडाचं दुखणं असू शकतं. वरच्या पापण्या जांभळट झाल्या आणि जिना चढताना मांड्यांत जोर राहिला नाही, तर तो स्नायूंचा वेगळा आजार. भुवयांचे केस बाहेरच्या बाजूने विरळ झाले, चट्टा फिकट, बिनखाजेचा आणि बधिर असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि वेळेवर घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो.

'डॉक्टरांनू, ह्या बरा कधी होतला?'

कारण स्पर्शाचं असेल आणि सापडलं, तर ते टाळल्यावर काही आठवड्यांत बरं होतं, आणि टाळत राहिलात तोवर बरंच राहतं. अ‍ॅटोपिक इसब मधुमेहासारखा सांभाळावा लागतो. अनेक मुलांचा मोठेपणी सौम्य होतो, काहींचा टिकतो. फार तीव्र असेल तर मिथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन अशा गोळ्या आणि नवी इंजेक्शनं आहेत. त्यांतल्या ड्युपिलुमॅबने काहींचे डोळेच लाल होतात, त्यामुळे पापण्यांच्या रुग्णाला ते देताना डोळ्यांचे डॉक्टर सोबत लागतात. 'मुळापासून घालवतो' म्हणून कुणी पुड्या दिल्या तर त्या घेण्याआधी मला दाखवा. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं.

तपासायला येताना काय आणू?

एक पिशवी घ्या आणि आजवर डोळ्यांना लावलेलं सगळं तिच्यात भरा. रिकाम्या झालेल्या ट्यूबा, थेंबांच्या बाटल्या, केसांचं तेल, कलपाचं पाकीट, नेलपॉलिश, क्रीम, वैदूने दिलेली पुडी, काही लपवू नका. मी रागावत नाही. डोळे सुजले असतील त्या दिवशी फोटो काढून ठेवा, कारण नेमके दवाखान्यात यायच्या दिवशी ते उतरलेले असतात. घरातल्या कॅलेंडरवर खाज सुटलेल्या दिवसावर खूण करा, आणि त्याच्या आधीच्या तीन दिवसांत काय काम केलंत तेही तिथेच लिहा: आंबे काढले, काजू भाजले, केस रंगवले, गणपतीचं घर झाडलं. ते पान फाडून आणा. ट्यूबांच्या आधी मी तेच वाचायला घेते.